गाडी चुकली

मनुष्य सुखासाठीं धडपडतो, असें तत्त्ववेत्ते पूर्वापार सांगत आले आहेत. परंतु आल्प्स पर्वतांत उन्हाळ्याची सुटी घालविणाऱ्या माणसांचा तांडा ज्यानें एकदां पाहिला असेल, त्याला ह्या सिद्धांताविषयीं थोडी शंका आल्यावांचून राहणार नाहीं. चांगलीं सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी असलेलीं माणसें वर्षभर पैसा सांठवून परदेशीं जातात, आणि तेथें जाऊन काय करतात, तर पाठीवर ओझें घेऊन पहाटेपासून उभा चढ चढूं लागतात. टांचांना फोड येतात, गुडघे कुरकुरतात, पावसानें अंग भिजतें, आणि संध्याकाळीं ह्याच गोष्टी तीं एकमेकांना मोठ्या अभिमानानें सांगतात. आपल्याकडील पंढरीची वारी ही अशाच स्वखुषीनें पत्करलेल्या कष्टांची संस्था आहे. पण वारकऱ्याला पलीकडे विठ्ठल तरी भेटावयाचा असतो. आल्प्समधील पांथस्थाला खिंडीच्या माथ्यावर भेटतो तो बहुधा सुपाचा एक वाडगा, आणि त्याचेहि पैसे पडतात.

आपण होऊन पत्करलेले कष्ट हे कष्ट वाटत नाहींत, एवढें सांगून हा प्रश्न एरवीं मिटला असता. परंतु नवल आहे तें पुढेंच. अकराशें मीटरांचा चढ हंसतमुखानें चढून आलेला हाच गृहस्थ संध्याकाळीं खालच्या गांवांत उतरतो, आणि आपली गाडी चार मिनिटांपूर्वींच निघून गेली असें त्याला कळतें. पुढची गाडी तासाभरानें असते. बसावयास बांक असतो, वर छप्पर असतें, समोर कॉफीचें दुकानहि असतें. सकाळपासून त्यानें जें जें सोसलें त्याच्या शतांशहि त्रास येथें नसतो. तरी तो असा कांहीं संतापतो, कीं चढावरील त्याचें तें प्रसन्न तत्त्वज्ञान कोणत्या कड्यावरून खालीं पडलें हें त्याचें त्यालाहि सांगतां येऊं नये. पर्वतानें दिलेले आठ तासांचे क्लेश गोड, आणि वेळापत्रकानें दिलेला एका तासाचा विसांवा कडू, असें कां व्हावें? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण दोष देण्याची आपली एकंदर रीत न्याय्य आहे कीं नाहीं, हा नीतिशास्त्रांतील मोठा प्रश्न त्याच्या पोटांत दडलेला आहे असें मला वाटतें, आणि म्हणूनच प्रवासवर्णन लिहिण्याचा मोह आवरून मी त्याच्याकडे वळतों. अर्थात् थोडेंसें प्रवासवर्णन केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत मी व माझी पत्नी स्वित्झर्लंडमध्यें तीन आठवडे पायीं हिंडत होतों. मुक्काम होता कांडरस्टेग ह्या गांवीं. बर्न प्रांताच्या दक्षिण भागांत, उंच कड्यांनीं वेढलेलें हें गांव आहे. त्याच्या दक्षिणेस जी डोंगरांची रांग उभी आहे ती ओलांडली कीं वालिस प्रांत व ऱ्होन नदीचें खोरें लागतें. दोघांचींहि वयें पन्नाशीच्या पुढचीं. गुडघ्यांविषयीं डॉक्टरांचें मत फारसें अनुकूल नव्हतें, पण सिंहगडाचा सराव होता.

आरंभच एका विघ्नानें झाला. झुरिचच्या विमानतळावर आम्ही दोघें उतरलों, पण आमची थोरली बॅग उतरली नाहीं. तींत दोघांचे डोंगरांत घालावयाचे बूट, पावसाळी कोट व पत्नीनें घरीं केलेल्या मेतकुटाची पुडी होती. तक्रारीच्या खिडकीपुढें आमच्यासारख्यांचीच रांग होती. आमच्या पुढच्या गृहस्थानें (तो कोणत्या देशचा होता हें सांगण्याचें कारण नाहीं) खिडकीमागच्या मुलीला पुरतीं दहा मिनिटें फैलावर घेतलें. ती विशी-बाविशीची असेल. त्याची बॅग तिनें हरविलेली नव्हती; ज्या विमानतळावर ती मागें राहिली तो तिनें जन्मांत पाहिलाहि नसेल. किंबहुना, त्या सबंध इमारतींत त्याच्या बॅगेचा शोध घ्यावयास बसलेली अशी ती एकच व्यक्ति होती, आणि नेमकें तिलाच सर्व ऐकून घ्यावें लागलें. कां? तर ती समोर होती म्हणून. ह्या मुलीची आठवण वाचकांनीं जवळ ठेवावी. पुढें तिचें काम पडेल. आमची बॅग सहाव्या दिवशीं मुक्कामावर आली. मधल्या काळांत विकत घ्याव्या लागलेल्या बुटांच्या दोन जोड्यांची किंमत मी येथें लिहीत नाहीं. तिचें रुपयांत रूपांतर करावयाचें नाहीं असें आमचें ठरलें होतें.

त्यानंतर दोन दिवसांनीं आम्ही गेम्मी खिंड ओलांडावयास निघालों. ही वाट फार जुनी. खिंडीपासून पलीकडच्या लॉइकरबाड गांवापर्यंत सुमारें नऊशें मीटरांची उतरण आहे, तीहि बव्हंशीं सरळ कड्याचीच. आणि १७३९ ते १७४१ च्या दरम्यान टायरोलच्या कारागिरांनीं सुरुंग लावून त्या कड्याच्या अंगांतच नागमोडी वाट कोरून काढली. आतां तेथें रोपवेहि आहे. आमचा बेत असा कीं, पायीं चढावें, रोपवेनें उतरावें, आणि लॉइकरबाडहून बसनें लॉइक स्टेशन गांठून आगगाडीनें डोंगराखालच्या बोगद्यांतून परत यावें. हवामानाच्या अंदाजांत दिवसभर ऊन होतें. श्वारेनबाखच्या जुन्या उतारशाळेपाशीं आम्ही पोंचतों न पोंचतों तोंच गारांचा मारा सुरू झाला, आणि तासभर आंत अडकून पडावें लागलें. पुढें खिंडीवर येतों तों रोपवे बंद. विजा थांबल्या होत्या, पण पाळणा सुरू होण्याचें चिन्ह दिसेना. तेव्हां त्या कोरीव वाटेनें, भिजलेल्या दगडांवरून, एकमेकांचा हात धरून आम्ही दोन तास उतरत होतों. आणि खरें सांगावयाचें तर लग्नानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत इतक्या मोकळेपणानें आम्ही फार थोड्या वेळां बोललों असूं. निसरड्या जागीं ती मला सावध करी, मी तिला सावध करीं. गारांचें, चुकलेल्या अंदाजाचें, बंद पडलेल्या पाळण्याचें आम्हांला हसूंच येत होतें.

खालीं पोंचलों तों बस चार मिनिटांपूर्वीं निघून गेलेली!

त्या बांकावर दोन वाक्यें बोललीं गेलीं. एकाचा आरंभ ‘तरी मी म्हणत होतें’ असा होता, व दुसऱ्याचा ‘मग तेव्हांच सांगायचें होतेंस’ असा. ह्या दोन वाक्यांचा परिचय नाहीं असें एकहि घर महाराष्ट्रांत असेल असें मला वाटत नाहीं. त्यानंतर पाऊण तास कोणीच कांहीं बोललें नाहीं. समोर सायंकाळच्या उन्हांत तो ओला कडा सोन्यासारखा चमकत होता, आणि आपण त्यावरून चालत आलों ह्यावर बघणाराचा विश्वास बसूं नये असें तें दृश्य होतें. पण तें पाहण्याच्या मनःस्थितींत बांकावरचें कोणीहि नव्हतें.

आतां ह्या भेदाची कारणमीमांसा करूं. पहिलें उत्तर वर येऊन गेलेंच आहे: चढाची निवड आपली असते, बस चुकण्याची नसते. परंतु हें उत्तर टिकत नाहीं. गारांची निवड आम्हीं कोठें केली होती? रोपवे बंद व्हावा अशी कोणाची इच्छा होती? ह्या दोन्ही गोष्टी बसइतक्याच अनाहूत होत्या आणि त्रासाच्या मानानें पुष्कळच वरचढ होत्या. तरी त्यांनीं मनाचा तोल बिघडला नाहीं. दुसरें उत्तर अपेक्षेचें. रोमन तत्त्वज्ञ सेनेका ह्यानें क्रोधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ध्यानींमनीं नसतां जें घडतें तें आपल्याला अन्यायासारखें वाटतें, असें त्यांतील एक निदान आहे. आपल्या गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत तर क्रोधाची वंशावळ कामनेपर्यंत नेऊन भिडविली आहे. ह्या निदानांत तथ्य पुष्कळ आहे. कोंकणांतल्या एखाद्या फाट्यावर एस.टी.ची दीड तास वाट पाहणारा मनुष्य पान जुळवीत, शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करीत शांतपणें बसलेला असतो. तोच मनुष्य जेथें गाड्या घड्याळाच्या कांट्याबरोबर सुटतात अशा देशांत गेला कीं चार मिनिटांनीं व्याकूळ होतो. म्हणजे आपण रागावतों तें नुकसानीच्या मापानें नव्हे, तर व्यवस्थेवर ठेवलेल्या भरंवशाच्या मापानें. व्यवस्था जितकी निर्दोष, तितका तींतला एखादा खांचखळगा मर्मीं लागतो. पण अपेक्षाभंग तर गारांनींहि केला होता! अंदाजांत ऊन होतें. म्हणून हेंहि उत्तर अपुरें पडतें.

माझ्या मतें खरा फरक निराळाच आहे. गारांवर फिर्याद करतां येत नाहीं. वाऱ्याला, विजेला, कड्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्याची सोय नाहीं, आणि ती सोय नसली म्हणजे मन आश्चर्यकारक रीतीनें निमूट होतें व समोर आलेल्या कामाला लागतें. बस चुकली कीं मात्र न्यायालय तत्काळ भरतें. कोणी उशीर केला? वेळ कोणीं पाहिली होती? फोटो काढावयास कोण थांबलें होतें? आणि हें न्यायालय इतक्या घाईंत असतें, कीं तपासाचें काम वगळून तें एकदम निकालाकडे वळतें. आरोपी तर हाताशींच, त्याच बांकावर बसलेला असतो. झुरिचच्या खिडकीमागची ती मुलगी ज्या अपराधासाठीं दोषी ठरली त्याच अपराधासाठीं प्रवासांतला प्रत्येक पति आणि प्रत्येक पत्नी दोषी ठरते. अपराध म्हणजे समोर असणें.

येथें आपल्या भाषेविषयीं दोन शब्द लिहिण्याचा मोह होतो. इंग्रजी बोलणारा मनुष्य अशा वेळीं ‘मी गाडी चुकविली’ अशा अर्थाचें वाक्य बोलतो. गाडी हें तेथें कर्म, आणि कर्ता तो स्वतः. मराठी मनुष्य म्हणतो, ‘माझी गाडी चुकली.’ व्याकरणदृष्ट्या पाहतां येथें चूक गाडीची आहे! वस्तुतः ती बिचारी नेमल्या क्षणीं सुटली. परंतु आपल्या वाक्यांत कर्त्याच्या आसनावर तीच बसलेली आहे. असेंच दूध उतूं जातें, भाजी करपते, किल्ली हरवते, आणि पेला हातून फुटतो. दूध उतूं घालविणारा, भाजी करपविणारा असा कोणी जणूं जगांत नसतोच. फार काय, आपण रागावतों तेव्हांहि ‘मला राग आला’ असेंच म्हणतों. राग हा कोठून तरी बाहेरून आलेला पाहुणा, आणि आपण त्याला दार उघडणारे यजमान.

ही रचना मला पुष्कळ वर्षें मोठी उदार वाटत आलेली आहे. एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरांत, जेथें पांच बायका एका चुलीभोंवतीं वावरत, तेथें ‘दूध उतूं गेलें’ ह्या वाक्यानें किती भांडणें टाळलीं असतील ह्याची गणती कोण करील! पण तिला एक दुसरी बाजूहि आहे. ज्या भाषेंत कर्त्याला इतक्या सहजपणें रजा देतां येते, तींत पूल पडतात, कागद गहाळ होतात, निधि अपुरा पडतो, आणि ‘चौकशी चालूं आहे’. कर्त्याला वाक्यांतून वगळण्याची ही सवलत ज्याला हवी त्यानें नव्हे, तर ज्याला परवडते त्यानें घेतलेली आढळते. गड्याच्या हातून पेला फुटला तर त्यानें तो फोडला. मालकाच्या हातून फुटला तर तो फुटला.

म्हणून कर्ता शोधूंच नये असा निष्कर्ष मी काढीत नाहीं. गेम्मीच्याच वाटेवर डाउबेन नांवाचें एक उदास सरोवर आहे. आर्थर कॉनन डॉइल ह्यानें १८९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका कथेंत शेरलॉक होम्सला ह्याच वाटेनें नेलें आहे. सरोवराच्या कांठानें जात असतां वरच्या कड्यावरून एक प्रचंड धोंड गडगडत येऊन त्यांच्या मागें पाण्यांत पडते. वाटाड्या सांगतो कीं, वसंत ऋतूंत येथें दगड कोसळणें ही नेहमींचीच गोष्ट आहे. होम्स कांहीं बोलत नाहीं. पण त्याच्या चर्येवरून दिसतें कीं, त्याला त्या धोंडेमागें एका माणसाचा हात दिसतो आहे. हे दोन स्वभाव आहेत. वाटाड्याच्या दृष्टीला सर्वत्र निसर्ग दिसतो, आणि होम्सच्या दृष्टीला सर्वत्र आरोपी. कथेंत अर्थात् होम्सचें बरोबर ठरतें. वाटाड्यावर लिहिलेली कथा कोण वाचणार? परंतु जीवनांत कोणत्या धोंडेला वाटाड्याची दृष्टि लावावयाची आणि कोणत्या धोंडेला होम्सची, हें ठरविण्यांतच सारें शहाणपण आहे, आणि तेंच अवघड आहे.

त्याच परिसरांतील दोन दुर्घटना पाहा. कांडरस्टेगहून गेम्मीकडे जातांना ष्पिटेलमाटे नांवाचें एक विस्तीर्ण कुरण लागतें. ११ सप्टेंबर १८९५ रोजीं पहाटे आल्टेल्स शिखरावरील हिमनदीचा मोठा भाग सुटून ह्या कुरणावर कोसळला; सहा माणसें आणि दीडशेंहून अधिक गुरें प्राणांस मुकलीं. येथें वाटाड्याच बरोबर: त्या बर्फाला कोणीं ढकललें नव्हतें. त्यानंतर तेरा वर्षांनीं, २४ जुलै १९०८ रोजीं, ल्योट्शबर्गचा रेल्वे बोगदा खणला जात असतां गास्टर्न दरीच्या तळाखालीं सुरुंगाच्या स्फोटानें खडकाची शेवटची भिंत फुटली आणि दरीच्या पोटांतलें पाणी व रेती आंत घुसली. पंचवीस इटालियन मजूर त्यांत गाडले गेले. बोगद्याचा तो भाग भिंत घालून बंद करण्यांत आला, बोगद्याला मोठें वळण देऊन तो दुसरीकडून नेण्यांत आला, आणि १९१३ मध्यें त्यांतून गाड्या धांवूं लागल्या. ही दुर्घटना निसर्गाची कीं माणसाची? पाणी निसर्गाचें होतें खरें. पण तेथें खणावयाचें हा निर्णय निसर्गानें घेतला नव्हता, आणि ज्यांनीं तो घेतला ते आंत नव्हते. आज आमच्यासारखा प्रवासी त्याच बोगद्यांतून दहाबारा मिनिटांत पार होतो, आणि खिडकींतल्या काळोखांत आपलें प्रतिबिंब पाहून केंस सारखे करतो. आपण होऊन पत्करलेल्या कष्टांचें जें कौतुक आपण करतों, त्याच्या खालून असा एक बोगदा गेलेला असतो. चढणाराचे कष्ट ऐच्छिक असावे म्हणून कोणाला तरी अनैच्छिक कष्ट करावे लागलेले असतात.

जवळच्याला धरण्याची जी प्रवृत्ति वर सांगितली, तिचें आल्प्समधील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ह्याच वालिस प्रांतांत घडलें. १४ जुलै १८६५ रोजीं मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर करून सात जण उतरत असतां हॅडो हा एकोणीस वर्षांचा अननुभवी तरुण घसरला. त्याच्याबरोबर तिघे ओढले गेले, त्यांना मागच्या तिघांशीं जोडणारा दोर तुटला, आणि चौघे कड्यावरून खालीं गेले. वांचलेल्यांत एडवर्ड व्हिम्पर हा इंग्रज आणि टाउगवाल्डर हे बापलेक वाटाडे होते. तुटलेला दोर दोन गटांमधला होता, थोरला टाउगवाल्डर त्याच्या वरच्या टोंकाशीं होता, आणि स्वतःच्या जिवासाठीं त्यानें तो कापला अशी कुजबुज सुरू झाली. दोर कापलेला नव्हता, तुटलेला होता; चौकशींत टाउगवाल्डर निर्दोष ठरला. कुजबुज मात्र जन्मभर त्याच्या मागें राहिली. अननुभवी मुलाला अशा शिखरावर न्यावें हें कोणीं ठरविलें, बरोबर चांगले दोर असतांना जुना कमकुवत दोर कसा वापरला गेला, हे प्रश्न विचारणारे लोकहि होते. पण लोकांच्या तोंडीं राहिला तो वाटाडी. दोराच्या टोंकाशीं तोच होता ना! झुरिचची ती मुलगी मला येथें पुन्हां दिसते.

ह्याच्या उलट उदाहरणहि द्यावयास पाहिजे. कांडरस्टेगच्या पलीकडे, त्याच बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशीं, ल्योट्शेनटाल नांवाची दरी सुरू होते. २८ मे २०२५ रोजीं त्या दरींतलें ब्लाटेन हें गांव जवळजवळ संपूर्ण गाडलें गेलें. शेजारच्या शिखरावरून सुटलेले खडक बिर्श नांवाच्या हिमनदीवर सांचत गेले, तो भार तिला पेलवेना, आणि ती खडकांसकट खालीं आली. नदी तुंबली आणि जीं घरें उभीं राहिलीं होतीं त्यांपैकीं पुष्कळ पाण्याखालीं गेलीं. परंतु गांवांतलीं सुमारें तीनशें माणसें कित्येक दिवस आधींच बाहेर काढलेलीं होतीं. डोंगर हलतो आहे हें मोजणारीं यंत्रें होतीं, मोजणारे लोक होते, आणि त्यांच्या शब्दावर घरदार सोडून निघण्याइतका भरंवसा त्या गांवकऱ्यांजवळ होता. बंदीच्या क्षेत्राबाहेर असलेला एक मनुष्य तेवढा मृत्युमुखीं पडला. ह्या माणसांनीं दैवावर हवाला ठेवला नाहीं, आणि आरोपी कोण ह्याचीहि चर्चा करीत ते बसले नाहींत; त्यांनीं कारण शोधलें. कारण शोधणें आणि आरोपी शोधणें ह्यांत किती अंतर आहे हें मला ग्रंथांवरून जितकें कळलें नव्हतें तितकें त्या दरीच्या उतारावरून तो करडा ढिगारा पाहतांना कळलें.

पण ढिगाऱ्यापाशीं उभें राहिल्यावर होम्सची दृष्टि अगदींच मिटून घेतां येत नाहीं. एका विशिष्ट दिवशीं एक विशिष्ट हिमनदी कां कोसळली, ह्याचें उत्तर देतांना शास्त्रज्ञ जपून बोलतात, आणि तें योग्यच आहे. परंतु स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनीं २०२२ व २०२३ ह्या दोनच वर्षांत मिळून आपल्या बर्फाचा सुमारें दहावा हिस्सा गमावला, आणि डोंगरांच्या सांध्यांत गोठून बसलेलें जें बर्फ खडकांना धरून ठेवतें तेंहि वितळूं लागलें आहे. खुद्द कांडरस्टेगवर, ओशिनेन सरोवराच्या वरच्या अंगाला, एक प्रचंड खडकाळ उतार खालीं सरकत आहे, आणि त्यावर पहारा ठेवावा लागतो. ह्या तापमानवाढीमागें माणसाचा हात आहे ह्याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं. म्हणजे येथें कर्ता आहे. मग संताप कोठें आहे? चार मिनिटांनीं चुकलेल्या बससाठीं जो मनुष्य आपल्या सहचारिणीशीं पाऊण तास बोलत नाहीं, तो दोन वर्षांत नाहींशा झालेल्या दहाव्या हिश्शासमोर उभा राहून ‘अरेरे, बर्फ किती कमी झालें!’ एवढेंच म्हणतो, आणि फोटो काढतो. बर्फ कमी झालें. दूध उतूं गेलें. येथें जगांतल्या सर्व भाषा मराठीसारख्या होतात.

ह्याचें कारण उघड आहे. दोष जितक्या माणसांत वांटला जावा तितका तो पातळ होतो, आणि अब्जावधींत वांटला गेला कीं त्याची चव कोणाच्याच जिभेला लागत नाहीं. त्यांतून हे वांटेकरी सारखे नाहींत. कारखाने, आगबोटी, राजधान्यांतून घेतले जाणारे निर्णय ह्यांचे वांटे मोठे. हजारों मैलांवरून हिमनदी पाहावयास विमानानें येणाऱ्या प्रवाशाचा वांटा त्या मानानें लहान, पण ज्या गुराख्यानें आपली दरी कधीं सोडली नाहीं त्याच्या वांट्याहून कितीतरी मोठा. परंतु ह्यांपैकीं कोणीहि आपल्या बांकावर येऊन बसत नाहीं. क्रोध हा अपराधाच्या मागें जात नसून सान्निध्याच्या मागें जातो. तो न्यायाधीशासारखा बोलत असला तरी चालतो तो आंधळ्यासारखा, चांचपडत, आणि हाताला जें पहिलें लागेल तें धरतो. बहुतेक वेळां हाताला लागतें तें प्रेमाचें माणूस असतें, किंवा पगारी नोकर.

कोणी म्हणेल, तर मग नवराबायकोंनीं एकमेकांना कधीं कांहीं सांगूंच नये काय? हा आक्षेप रास्त आहे. रोज दूध उतूं जाऊं लागलें तर चुलीपाशीं कोण उभें होतें हें विचारावेंच लागेल. मूकपणानें सर्व पोटांत घालणाऱ्या दांपत्याचें कौतुक करणारे लोक आहेत. मला त्या मुकेपणाची भीति वाटते, कारण त्यांत बहुधा एकच जण मुका असतो, आणि आपल्याकडे तो जण कोण असे हें सांगावयास नको. सांगावें, पण काय सांगावयाचें तें निवडावें. ‘उद्यां खिंडीवरून दोनला निघूं या’ हें वाक्य आणि ‘तुमच्यामुळें बस गेली’ हें वाक्य, ह्यांत माहिती जवळजवळ सारखीच आहे. पहिल्यांतून उद्यांची बस मिळते, दुसऱ्यांतून केवळ आजचा आरोपी. आणि जो संताप दूरच्या, मोठ्या, नांव नसलेल्या कर्त्यांपर्यंत पोंचवावयाचा असतो, त्याला पायाला फोड येण्याइतकें चालावें लागतें. तो वाचनानें, मतदानानें, हिशेब मागितल्यानें पोंचतो, आणि त्या कामीं बांकावर त्याची उधळपट्टी करून चालत नाहीं. ह्या मोठ्या प्रवासाला निघालेलीं माणसें मीं थोडीं पाहिलीं आहेत. तीं घरीं फारशीं रागावत नाहींत, असा मात्र माझा अनुभव नाहीं. तेव्हां हाहि सिद्धांत पुरता सिद्ध झालेला नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

शेवटच्या आठवड्यांत आम्हीं एक पद्धत पाडली. सकाळीं निघण्यापूर्वीं परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मोबाईलवर पाहून दोघांनींहि आपापल्या वहींत टिपून घ्यावयाची. म्हणजे ती एकट्या कोणाच्या हवालीं राहावयाची नाहीं. हें चांगलें चाललें. फक्त एके दिवशीं गॉपेनस्टाइन स्टेशनाच्या जिन्यावर वह्या काढल्या तेव्हां दोन वेळांत दोन मिनिटांचें अंतर निघालें.

‘‘अहो, सकाळीं एकाच वेळीं लिहिलें ना आपण?’’ ती म्हणाली.

‘‘लिहिलें खरें. तुझा आंकडा दाखव पाहूं.’’

ती वही पुढें करते न करते तोंच बोगद्याच्या बाजूनें गाडीचा दिवा दिसला, आणि चढण्याच्या गडबडींत तें पाहावयाचें राहून गेलें.